दोन दिवसांची मुंबई

पूर्वी घाटावरच्या किंवा कोकणातल्या माणसाचे मुंबईस जाणे सहसा निष्कारण घडत नसे. कोणाची हायकोर्टात दाव्याची तारीख असे, कोणी परळच्या इस्पितळात आप्ताला दाखल करण्यासाठी येई, कोणाला मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा असे, तर कोणी गिरणीत किंवा एखाद्या कचेरीत चिकटण्याच्या आशेने गाववाल्याच्या खोलीवर वळकटी टाकी. आणि काम आटोपल्यावर हाती उरलेल्या वेळात राणीची बाग नाहीतर चौपाटी पाहून तो परतीच्या गाडीत बसे. केवळ मुंबई पाहण्याच्या हेतूने शनिवारी निघून रविवारी रात्री घरी परतणारी कुटुंबे आता पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, सोलापूर अशा सर्व बाजूंनी दिसू लागली आहेत, ही मला मोठ्या समाधानाची गोष्ट वाटते. कारण ज्या शहराशी महाराष्ट्रातील असंख्य घरांचा संबंध पोटापाण्यापुरता आला, त्या शहराकडे स्वस्थपणे पाहण्याची सवड त्या घरांना आता कुठे लाभत आहे. ही सवड अवघी दोन दिवसांची असते, आणि तिचे सार्थक होणार की ती रस्त्यावरच खर्ची पडणार, हे बव्हंशी घर सोडण्यापूर्वीच ठरून जाते.

अशा सहलीचा बेत आखताना सर्वसाधारण गृहस्थ प्रथम प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो. गेट वे, घारापुरी, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, राणीची बाग, जुहूची चौपाटी, वांद्र्याचा पूल, अशी ती यादी वाढत जाते, आणि तिच्यात मुंबईच्या भूगोलाचा विचार मुळीच नसतो. मूळच्या सात बेटांच्या दरम्यानची खाडी बुजवून तयार झालेले हे शहर रुंदीला बेताचे पण लांबीला अफाट आहे. चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंतचा लोहमार्गच सुमारे ३४ किलोमीटरांचा आहे. त्यामुळे यादीतील एक नाव दक्षिण टोकाला आणि दुसरे उपनगरात असले, म्हणजे दिवसाचे चार तास वाहनात जातात, मुले पेंगुळतात, वडीलधारी माणसे थकतात, आणि संध्याकाळी स्मरणात राहतात ती केवळ सिग्नलवर थांबलेल्या मोटारींची पाठमोरी रांग. माझ्या मते दोन दिवसांच्या पाहुण्याने यादी बाजूस ठेवून प्रथम वार आणि वेळ यांचा विचार करावा. कारण शनिवारची मुंबई आणि रविवारची मुंबई ही दोन निराळी शहरे आहेत, आणि जे शनिवारी उत्तम दिसते ते रविवारी बंद असते, तर जे रविवारी सकाळी मनसोक्त पाहता येते ते शनिवारी गर्दीच्या लोंढ्यात नजरेसही पडत नाही.

ऋतूसंबंधी फार लिहिण्याचे कारण नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा; एप्रिल-मे महिन्यांतला दमट उकाडा घाटावरच्या माणसाला सोसत नाही; आणि जून ते सप्टेंबर या काळात पावसाने रेल्वेमार्गावर पाणी साचले की उत्तम बेतही कोलमडतो, शिवाय घारापुरीच्या लाँचचा भरवसा राहत नाही. आरक्षणाच्या बाबतीत मात्र दक्षता हवी. लांब पल्ल्याच्या गाड्यांची तिकिटे सध्या साठ दिवस आधी मिळू लागतात, आणि शनिवार-रविवारच्या गाड्या भरण्यास वेळ लागत नाही. सबब परतीचे तिकीट प्रथम काढावे व मग जाण्याचे, असा क्रम मी सुचवीन. जातेवेळी माणूस उभ्यानेही जाईल, पण दोन दिवस पायपीट करून परतताना बसायला जागा नसणे ही शिक्षाच होय. कोल्हापूरकरांना महालक्ष्मी, सोलापूरकरांना सिद्धेश्वर आणि छत्रपती संभाजीनगरकरांना देवगिरी एक्सप्रेस रात्रभराच्या प्रवासाने सकाळी मुंबईत आणून सोडते. नाशिककरांना पंचवटी आहे. आणि पुणेकरांना सव्वासातची डेक्कन क्वीन, जी १ जून १९३० रोजी सुरू झाली व आजही संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मुंबईहून परत निघते.

मुक्काम कोठे करावा, हा प्रश्न मराठी कुटुंबात निव्वळ सोयीचा नसतो, त्यात नात्यागोत्याचा भाग येतो. डोंबिवलीला मावशी आणि बोरिवलीला चुलते असताना लॉजमध्ये उतरणे हे अनेकांना अवघड वाटते, आणि ती भावना मला आदरणीयही वाटते. तथापि डोंबिवलीहून बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, यायला जलद गाडीनेही तासाभरापेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणजे दोन दिवसांत जाण्यायेण्याचे चार-पाच तास केवळ या मुक्कामापायी खर्च होतात. नातेवाइकांना भेटायचेच असेल तर त्यांना एका वेळच्या जेवणाला दादरला बोलवावे. मध्य व पश्चिम अशा दोन्ही रेल्वे तेथे एकत्र येत असल्यामुळे ते सर्वांनाच सोयीचे पडते. रात्रीपुरती खोली मात्र फोर्ट, गिरगाव किंवा दादर या टापूतच घ्यावी, मग ती लहान असली तरी चालेल. खोली आगाऊ ठरवावी, प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे, आणि खोली दुपारी मिळणार असेल तर सकाळीच सामान ठेवून घेतील की नाही, याची विचारणा आधी करून घ्यावी; ते शक्य नसल्यास स्थानकावरील क्लोकरूम आहे, तेथे कुलूप लावलेलीच बॅग घेतात.

शहरात हिंडण्याचे शास्त्र मुंबईकराच्या अंगवळणी पडलेले असते, म्हणून तो ते पाहुण्याला सांगत नाही. कामाच्या दिवशी सकाळी सारी मुंबई दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी उत्तरेकडे. तेव्हा पाहुण्याने या ओघाच्या उलट दिशेने प्रवास ठेवावा, किंवा दुपारच्या मोकळ्या वेळात तो उरकून घ्यावा. धीमी लोकल प्रत्येक स्थानकावर थांबते व जलद लोकल थोड्याच, एवढा भेद लक्षात घेऊन फलाटावरील दर्शक वाचला तर चूक होत नाही. रविवारी मात्र रेल्वेमार्गाच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो. मध्य व हार्बर मार्गांवर दिवसाचे कित्येक तास गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवतात किंवा बंद ठेवतात, आणि त्याचा तपशील शनिवारच्या वर्तमानपत्रात येतो, तो न वाचता रविवारचा लोकलप्रवास ठरवू नये. पुण्याच्या सवयीने माणूस स्थानकाबाहेर रिक्षा शोधतो. ती वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेस चालत नाही, तेथे काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण लांबीने धावू लागली असून, दादर, गिरगाव, काळबादेवी, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि हुतात्मा चौक ही आपल्या उपयोगाची सर्व ठिकाणे तिने एका ओळीत आणली आहेत. गुडघेदुखीने त्रस्त वडीलधाऱ्यांना घेऊन आलेल्यांनी तिचाच अवलंब करावा, कारण तिच्या स्थानकांत सरकते जिने व उद्वाहक आहेत.

शनिवार हा कामकाजाच्या मुंबईचा दिवस समजावा. कित्येक सरकारी कचेऱ्या व न्यायालये त्या दिवशी बंद असली तरी बाजारपेठा आपल्या पुऱ्या जोमात असतात, आणि मुंबई ही मूळची व्यापाऱ्यांची नगरी असल्याने तिची ओळख बाजारात जितकी पटते तितकी इतरत्र पटत नाही. बोरीबंदर स्थानकाबाहेर पडताच पाच-दहा मिनिटे त्याच्या इमारतीसमोर उभे राहावे. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आराखडा केलेली ही वास्तू १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधली जात होती. तिच्यावरील पाने, मोर, माकडे आणि मुखवटे यांच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात लागलेला आहे. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एका बाजूस सिंह व दुसऱ्या बाजूस वाघ बसवलेला आहे, त्यांतला सिंह ब्रिटनचा आणि वाघ आपला. २००४ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले, परंतु लाखो माणसांनी रोज वापरावी आणि तरीही जिचा डौल ढळू नये अशी दुसरी वारसावास्तू विरळाच. तेथून चालत दहा मिनिटांवर महात्मा फुले मंडई आहे, जिला जुनी माणसे क्रॉफर्ड मार्केट म्हणतात. ती १८६९ साली पूर्ण झाली, आणि तिच्या दारांवरील शेतकरी-कष्टकऱ्यांचे शिल्पपट प्रसिद्ध लेखक रुड्यार्ड किपलिंग यांचे वडील लॉकवुड किपलिंग यांनी रेखलेले आहेत. फळांच्या राशींकडे पाहत असतानाच मान वर करून हे शिल्पपट पाहावेत, कारण बाजारहाटाच्या घाईत ते बहुतेकांच्या नजरेतून निसटतात. पलीकडे मंगळदास मार्केटातले कापडाचे गाळे, पुढे काळबादेवी आणि मग गिरगाव. या सर्व घाऊक पेठा रविवारी बंद राहतात, हे ध्यानात धरून खरेदीची हौस शनिवारीच भागवून घ्यावी.

दुपारची विश्रांती झाल्यावर दादरला जावे. तेथील फुलबाजार, कबुतरखान्यापासून रानडे रोडपर्यंतची दुकाने, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेली माणसे, १९१० साली सुरू झालेले मामा काणे यांचे उपाहारगृह, आणि स्थानकाजवळच्या गाड्यांवरचा वडापाव, जो साठच्या दशकात येथेच जन्मला असे मानले जाते. हे सारे पाहताना आपण परमुलखात आलो आहोत असे मराठी पाहुण्याला वाटत नाही. शनिवारची रात्र मात्र मी नाटकासाठी राखून ठेवण्याचा आग्रह धरीन. शिवाजी मंदिर हे नाट्यगृह १९६५ सालापासून मराठी रंगभूमीचे हक्काचे घर बनलेले आहे. माटुंग्यास यशवंत नाट्यमंदिर आहे, प्रभादेवीस रवींद्र नाट्यमंदिर आहे. शनिवार-रविवारी दुपारचे व रात्रीचे प्रयोग लागतात, त्यांच्या जाहिराती वर्तमानपत्रात येतात, आणि आपल्या गावी वर्षातून कधीतरी दौऱ्यावर येणारे नाटक येथे त्याच्या नित्याच्या रंगमंचावर, जाणत्या प्रेक्षकांच्या सोबतीने पाहण्यात जो आनंद आहे, तो चौपाटीवरील चार तासांच्या भटकंतीत नाही. दादरला खोली घेण्याचा सल्ला दिला त्याचे हेही एक कारण. प्रयोग संपल्यावर चालत मुक्कामावर जाता येते.

आता रविवार. ज्या साप्ताहिक सुटीच्या आधारावर हा सगळा बेत उभा आहे, ती सुटी याच शहरातील गिरणी कामगारांनी मिळवलेली आहे, हे प्रवाशाने विसरू नये. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा घेतल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आपण जी विश्रांती गृहीत धरतो तिच्यासाठी कोणीतरी सहा वर्षे झगडले होते, ही जाणीव मनात ठेवून रविवारच्या मुंबईत पाऊल टाकावे असे मला मनापासून वाटते.

रविवारी भल्या पहाटे उठावे. सकाळी सात वाजता फोर्टमध्ये जी शांतता असते ती आठवड्याच्या इतर कोणत्याही दिवशी लाभत नाही. कचेऱ्यांची दारे बंद, फेरीवाले अद्याप आलेले नाहीत, मोटारी तुरळक, आणि दोन्ही बाजूंच्या इमारती पायापासून शिखरापर्यंत निर्वेध दिसतात. बोरीबंदरपासून गेट वेपर्यंतचे सरळ अंतर दोन-अडीच किलोमीटर आहे, पण आडवाटा घेत गेले तर तीन तास सहज जातात, आणि ते तीन तास या संपूर्ण सहलीचा गाभा होत. फोर्ट हे नाव ज्यावरून पडले तो किल्ला आज अस्तित्वात नाही. गोविंद नारायण माडगांवकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध केला, त्याच सुमारास गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या राजवटीत किल्ल्याचा तट पाडण्यात येत होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला, हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा महापुरासारखा शिरला, आणि तट पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर नवे शहर उभारण्याची हिंमत राज्यकर्त्यांना व शेटसावकारांना आली. १८६५ साली युद्ध थांबताच भाव कोसळले, अनेक पेढ्या बुडाल्या, पण पायाभरणीची सुरुवात होऊन चुकली होती.

ही हकीकत मनात असली म्हणजे वाटेतला एकेक दगड बोलू लागतो. हुतात्मा चौकातील फ्लोराचे कारंजे १८६४ सालचे. तटाचा जो दरवाजा सेंट थॉमस चर्चकडे जात असे व म्हणून चर्चगेट म्हटला जाई, त्या दरवाजाच्या जागी ते उभारले गेले. दरवाजा गेला, तट गेला, आणि नाव मात्र अर्ध्या मैलावरच्या रेल्वे स्थानकाने जपले. ज्या चर्चमुळे हे नाव पडले ते १७१८ सालचे चर्च पूर्वेला पाच मिनिटांवर आहे. कारंज्याशेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. संयुक्त महाराष्ट्रासाठी बलिदान केलेल्यांचे ते स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच चौकात निदर्शकांवर गोळीबार झाला होता, आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्या दोन तारखांमधील साडेचार वर्षांचा इतिहास मुलांना सांगायचा तर याहून योग्य जागा नाही. पाठ्यपुस्तकातील धडा आणि प्रत्यक्ष भूमी यांची गाठ येथे पडते. या स्थळी घाई करू नये.

पूर्वेकडे हॉर्निमन सर्कलच्या वर्तुळाकार इमारती आणि त्यांच्या समोर १८३३ साली पूर्ण झालेला टाऊन हॉल, ज्याच्या प्रशस्त पायऱ्यांवर एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाचे वाचक वर्तमानपत्र घेऊन बसलेले दिसत. रविवारी ग्रंथालय बंद असते, पण पायऱ्या असतात. तेथून मागे वळून पश्चिमेस विद्यापीठ आणि हायकोर्ट यांच्यामागच्या ओव्हल मैदानावर यावे. पूर्वेच्या कडेला राजाबाई टॉवर उभा आहे, १८७८ साली पूर्ण झालेला, कापसाच्या त्या तेजीत गब्बर झालेल्या व पुढे मंदीत धुऊन निघालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीचा, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा. या इमारती बांधल्या गेल्या तेव्हा त्यांच्यासमोर समुद्र होता. पुढे बॅकबेमध्ये भराव घालून जमीन काढण्यात आली, आणि मैदानाच्या पश्चिम कडेला १९३०च्या दशकात आर्ट डेको पद्धतीच्या गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या, सुटसुटीत गॅलऱ्यांच्या इमारतींची ओळ उभी राहिली. तिच्या उत्तर टोकाशी इरॉस चित्रपटगृह आहे. मैदानाच्या मध्यभागी उभे राहून एकदा डावीकडे व एकदा उजवीकडे पाहिले की टोकदार कमानींचे एकोणिसावे शतक आणि सिमेंट-काँक्रीटचे विसावे शतक एकमेकांकडे टक लावून बसलेली दिसतात. या दोन ओळींसह एकूण ९४ इमारतींना २०१८ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मैदानावर मात्र त्या वेळी एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे सामने रंगात आलेले असतात, आणि कोणाचा चेंडू कोणाच्या क्षेत्रात गेला हे त्यांचे त्यांनाच कळते.

दहाच्या सुमारास काळा घोडा ओलांडला की निवड करावी लागते, आणि ती प्रामाणिकपणे करावी. वस्तुसंग्रहालय आणि घारापुरी या दोन्ही गोष्टी एका रविवारी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी दोन्हींपैकी एकही पाहिलेली नसते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय रविवारीही उघडे असते. जॉर्ज विटेट यांनी बांधलेली ही वास्तू १९१४ साली पूर्ण झाली, पहिल्या महायुद्धात तिचे लष्करी इस्पितळ झाले, आणि १९२२ साली ती लोकांसाठी खुली झाली. तिच्या घुमटावर विजापूरच्या गोलघुमटाची छाया आहे, आणि आतील मीरपूरखासच्या भाजक्या मातीच्या मूर्ती व लघुचित्रांचे दालन यांना दोन तास तरी द्यावेत. बरोबर वृद्ध माणसे असतील, किंवा पावसाळ्याचे दिवस असतील, तर निर्णय संग्रहालयाचाच करावा.

घारापुरी ज्यांना पाहायचीच आहे त्यांनी फोर्टची पायपीट आटोपशीर करून सकाळी नवाच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या लाँचपैकी एक गाठावी. गेट वेपासून तासाभराचा जलप्रवास, धक्क्यापासून वर लेण्यापर्यंत शंभरावर पायऱ्या, आणि मग डोंगर पोखरून केलेल्या त्या सभामंडपाच्या अंधुक उजेडात, सहाव्या शतकाच्या सुमारास घडवलेला, जवळजवळ वीस फूट उंचीचा त्रिमुखी सदाशिव. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव ज्या दगडी हत्तीवरून दिले, तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून शनिवार-रविवारऐवजी रविवार-सोमवार सुटी घेऊन येणाऱ्यांनी घारापुरी रविवारीच करावी. परतीची लाँच दोनच्या आत पकडली तर जेवण व विश्रांती यांना वेळ उरतो.

डेक्कन क्वीनने जाणाऱ्यांनी साडेचारला स्थानकात असावे. खोली दादरला घेतली असल्यास सामान सकाळीच बरोबर आणून क्लोकरूममध्ये ठेवलेले बरे, नाहीतर मेगाब्लॉकच्या दुपारी ते आणण्यासाठी उलट धावपळ होते. रात्रीच्या गाडीने कोल्हापूर-सोलापूरकडे जाणाऱ्यांना एक संध्याकाळ जास्त मिळते, ती त्यांनी मरीन ड्राइव्हवर घालवावी. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीकडे चालत गेल्यास समुद्र सतत डाव्या हाताला राहतो, रस्ता ओलांडावा लागत नाही, आणि मावळतीच्या वेळी चौपाटीला पोचून भेळ खाऊन टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांत बोरीबंदर गाठता येते. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे फलाट स्थानकाच्या पूर्व अंगाला आहेत. सामान जड असेल तर टॅक्सीवाल्यास पी. डिमेलो रस्त्याकडील प्रवेशद्वाराशी नेण्यास सांगावे, म्हणजे लोकलच्या गर्दीतून वाट काढत जाण्याचा त्रास वाचतो.